सुवार्ता ऐकणाऱ्यांचा इतिहास

येशूनंतरच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत त्याचे शिष्य दोन प्रकारच्या माणसांकडे गेले. एक म्हणजे देशोदेशी पांगलेले इस्राएल लोक आणि दुसरे इस्राएलाबाहेरचे, ज्यांना मराठी बायबल परराष्ट्रीय म्हणते. या कामाची हकीकत नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आणि पौल, पेत्र, याकोब यांच्या नावे असलेल्या पत्रांत आहे. पुढची प्रकरणे तीच हकीकत सांगतात. ती बेलापूर-श्रीरामपूर-राहुरी या टापूतल्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून सांगितली आहे आणि त्याला सबळ कारण आहे. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनरी मराठी मुलखात आले, तेव्हा त्यांच्यासमोर हेच दोन श्रोते उभे राहिले. कोकण किनाऱ्यावर बेने इस्राएल म्हणवणारे यहूदी होते आणि घाटावर, गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात, गावकुसाबाहेर ठेवलेली माणसे होती. पहिल्या शतकातले प्रश्न इथे पुन्हा मराठीत विचारले गेले.

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट ठळकपणे दिसते आणि वाचकाने ती सुरुवातीपासून मनात ठेवावी. सुवार्तेचे पुढे काय होणार हे सांगणाऱ्याने कधीच ठरवले नाही. ते ऐकणाऱ्याने ठरवले. पौलाच्या काळी असेच घडले आणि नगर जिल्ह्यातही असेच घडले.

आधी मूळ पार्श्वभूमी पाहू. इस्राएलांची पांगापांग फार जुनी. इसवी सनापूर्वी 722 च्या सुमारास अश्शूरांनी उत्तरेचे राज्य बुडवले आणि 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले. दोन्ही वेळा हजारो लोक उचलून परमुलखात नेले गेले. पुढे व्यापार, सैन्यातली नोकरी आणि स्थलांतर यांमुळे यहूदी वस्त्या इजिप्त, सिरिया, आशिया मायनर, ग्रीस आणि रोमपर्यंत पसरल्या. अलेक्झांड्रियात तर हिब्रू न समजणाऱ्या यहूद्यांसाठी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून शास्त्राचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. गावोगावी सभास्थाने होती, दर शब्बाथाला तिथे नियमशास्त्र वाचले जाई आणि शहरातले काही ग्रीक-रोमनही मागे बसून ऐकत. सुंता न करता, पण एका देवाचे भय धरून राहणारी ही माणसे पुढच्या घडामोडींत फार महत्त्वाची ठरली.

यरुशलेमात स्तेफनाला दगडमार करून मारले आणि छळ सुरू झाला, तेव्हा शिष्य पांगले. ते पांगणे हाच प्रसाराचा आरंभ. फिलिप्प शोमरोनात गेला. कुप्र आणि कुरेने इथली काही माणसे सिरियातल्या अंत्युखियात पोहोचली आणि त्यांनी ग्रीकांशी बोलायला सुरुवात केली. या माणसांची नावेसुद्धा ग्रंथात नोंदलेली नाहीत. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव मात्र पहिल्यांदा त्याच शहरात मिळाले. एवढे मोठे वळण निनावी माणसांच्या हातून घडले, हे नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या मास्तरांचा आणि बायबलबाईंचा इतिहास वाचताना आठवावे.

पौल जिथे जाई तिथे आधी सभास्थानात बोले. सलमीन, पिसिदियातले अंत्युखिया, इकुन्य, थेस्सलनीका, करिंथ, इफिस अशी ही रांग आहे. बहुतेक ठिकाणी काही ऐकत, काही विरोध करत आणि मग तो परराष्ट्रीयांकडे वळे. करिंथात हे अगदी जवळून दिसते. सभास्थानात वाद विकोपाला गेला, तेव्हा पौल उठून एका देवभीरू परराष्ट्रीयाच्या घरी गेला आणि ते घर सभास्थानाला लागूनच होते. सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प सहकुटुंब विश्वास ठेवणाऱ्यांत सामील झाला. म्हणजे फूट पडली ती दोन जगांत नव्हे, एका भिंतीच्या दोन बाजूंना. त्याच शहरात पौल अक्विला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोकडे राहत होता. सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोम सोडायला लावले, म्हणून हे दोघे तिथे आले होते. तिघांचाही धंदा एकच, तंबू शिवण्याचा. पांगलेल्या माणसांच्या घरांतून, धंद्यांतून आणि नातेसंबंधांतून ही चळवळ वाढली.

सगळ्यात अवघड प्रश्न जेवणाचा होता. परराष्ट्रीयांबरोबर एका पंगतीला बसायचे की नाही? यापोत छपरावर प्रार्थना करताना पेत्राला दर्शन होते, त्यात त्याला निषिद्ध प्राणी मारून खायला सांगितले जाते आणि तो तीनदा नाकारतो. मग तो कैसरियाला कर्नेल्य या रोमन शताधिपतीच्या घरी जातो. तरीही अंत्युखियात, यरुशलेमहून काही मंडळी येताच, हाच पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला आणि पौलाने सर्वांसमक्ष त्याला जाब विचारला. ही हकीकत पौलाने स्वतः गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नोंदवली आहे. इसवी सन 49 च्या सुमारास यरुशलेमात सभा भरली आणि याकोबाने निर्णय दिला की परराष्ट्रीयांवर सुंतेचे ओझे लादू नये. दर्शन झाले, तरी पंगत मोडण्याचा मोह पेत्रासारख्यालाही आवरला नाही. जातिव्यवस्थेत वाढलेल्या मराठी वाचकाला हा प्रसंग दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रेषितांच्या काळाचा भारताशी थेट संबंध सांगणाऱ्या परंपराही आहेत. सिरियाक भाषेतल्या, तिसऱ्या शतकातल्या ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथात थोमा राजा गोंडोफरिसच्या दरबारी येतो. हा राजा खरोखर होऊन गेला, त्याची नाणी सापडली आहेत. त्याच ग्रंथात भारताच्या वाटेवर एका राजाच्या मेजवानीत थोमा गातो, तेव्हा त्याचे हिब्रू शब्द फक्त एका बासरी वाजवणाऱ्या मुलीला कळतात, कारण ती स्वतः इब्री असते. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस लिहितो की अलेक्झांड्रियाचा पंतैनस भारतात गेला, तेव्हा तिथल्या काहींजवळ हिब्रू अक्षरांतले मत्तयाचे शुभवर्तमान होते आणि ते बर्थलमयाने ठेवून गेल्याचे सांगत. सहाव्या शतकात कॉसमस या प्रवासी लेखकाने ‘कल्लियाना’ इथे ख्रिस्ती लोक आणि इराणहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली. अनेक अभ्यासक हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण मानतात. यातल्या परंपरा आणि इतिहास यांची सरमिसळ करू नये. पण पांगलेल्या इस्राएलांच्या मागोमाग सुवार्ता पूर्वेकडे आली, ही आठवण किती जुनी आहे, ते यावरून कळते.

आता कोकणाकडे वळू. बेने इस्राएल सांगतात की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली, पण शनिवारी घाणा बंद ठेवायची चाल सुटली नाही. तेल गाळणाऱ्या या लोकांना गावाने शनिवार तेली हे नाव दिले. मुलाची सुंता, खवले-पर नसलेला मासा न खाणे आणि ‘शेमा’ हा इस्राएलाचा मंत्र एवढे त्यांनी शतकानुशतके जपले. एलियाहू नबीच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करायचा, ही त्यांची खास आपली चाल. दावीद रहाबी नावाच्या परदेशी यहूद्याने त्यांना ओळखले आणि शास्त्र शिकवायला सुरुवात केली, असे त्यांची परंपरा सांगते. नवगावकर, पेझारकर, किहीमकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावे कोकणच्या नकाशावरून उचललेली आहेत. 1796 मध्ये सामुएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान बांधले.

अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी शाळा काढल्या आणि नव्या कराराचे मराठी भाषांतर हाती घेतले. ते 1826 मध्ये छापून झाले आणि त्याच वर्षी नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने हॉल वारले. बेने इस्राएल मुलांना शिकवण्याकडे मिशनऱ्यांचे विशेष लक्ष होते. त्यांच्या मनात पौलाचाच क्रम होता, आधी इस्राएल आणि मग बाकीचे. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन 1829 मध्ये आले. 1832 मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. मराठीत हिब्रू व्याकरण! आपल्या भाषेच्या इतिहासात या पुस्तकाला मानाची जागा मिळायला हवी.

निकाल मात्र मिशनऱ्यांच्या अपेक्षेहून वेगळा लागला. फार थोडे बेने इस्राएल ख्रिस्ती झाले. त्यांनी हिब्रू घेतली, मराठीतला जुना करार घेतला, शाळा घेतली आणि या सगळ्याच्या बळावर ते अधिक डोळसपणे यहूदी झाले. कोचीनच्या आणि पुढे बगदादच्या यहूद्यांचीही त्यांना साथ मिळाली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणून काम केले. 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह सचित्र हग्गादा छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या या पोथीतल्या चित्रांत बायका आपल्याकडच्या पद्धतीने जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. 1875 मध्ये हाईम सामुएल किहीमकर यांनी सहकाऱ्यांसह समाजाची स्वतःची शाळा काढली. अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची आख्याने लावून बेने इस्राएलांनी मराठी कीर्तनेही रंगवली. मिशनऱ्यांना हे अपयश वाटले असेल. मला त्यात एका समाजाने स्वतःची ओळख परत मिळवल्याची थोर घटना दिसते आणि तिला मिशनच्या शाळांचाही हातभार लागला, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

घाटावरची गोष्ट वेगळी. 1831 मध्ये अमेरिकन मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे घातले. सुरुवातीला शहरातल्या शिकलेल्या वर्गावर त्यांची नजर होती आणि त्यातून मोलाची माणसे मिळालीही. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक 1854 मध्ये पाळक झाले. सिंथिया फॅरार 1839 पासून 1862 मध्ये मृत्यू येईपर्यंत नगरात मुलींना शिकवत राहिल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरातच सुरू झाले. पण मंडळी वाढली ती खेड्यांत, महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत. नेवासे तालुक्यातले वडाळे, राहुरी आणि प्रवरेकाठची गावे ही तिची ठिकाणे. सभास्थानाकडून वळून पौल ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने इथल्या मिशनला तिच्या श्रोत्यांनी नेले.

1876 ते 1878 चा दुष्काळ आणि 1899-1900 चा छप्पन्नचा दुष्काळ या काळात बाप्तिस्मे वाढले. त्यावरून आजही टोमणा ऐकू येतो की लोक पोटासाठी गेले. या टोमण्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचली तर पहिल्या मंडळीतला पहिला तंटाच विधवांच्या रोजच्या अन्नवाटपावरून होतो. क्लौद्याच्या काळी दुष्काळ पडला, तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी यहूदियातल्या भावांना मदत पाठवली. भुकेल्याला जेवू घालणे आणि सुवार्ता सांगणे या गोष्टी त्या परंपरेत कधी वेगळ्या नव्हत्याच. शिवाय ज्याला पिढ्यान्‌पिढ्या गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही, देवळाची पायरी चढू दिली नाही, पाटीला हात लावू दिला नाही, तो माणूस भाकरी, अक्षर, मान आणि देव या चारही गोष्टी एकाच वेळी मागतो. त्यातली फक्त भाकरी तेवढी मोजून दाखवणे हा त्या माणसावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

मंडळीतही जात संपली नाही, हे तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. पंगतीचा प्रश्न अंत्युखियात उभा राहिला तसाच नगरातही राहिला आणि तो आजही पुरता सुटलेला नाही. या बाबतीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’इतका प्रामाणिक दस्तऐवज मराठीत दुसरा नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी काही वर्षांनी. मधल्या काळात विटाळाच्या एकेका कल्पनेशी झगडत त्या कशा पुढे गेल्या, हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. पेत्राला यापोच्या छपरावर जे शिकावे लागले, ते लक्ष्मीबाईंना चुलीपाशी आणि पाण्याच्या घागरीपाशी शिकावे लागले. टिळक कुटुंब पुढे बेलापूरच्या शेजारी राहुरीत राहिले, म्हणजे हा इतिहास अगदी आपल्या अंगणातला आहे.

प्रवरा हीच नदी पुढे नेवाशाला जाते, जिथे ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीता मराठीत सांगितली. त्या मातीत सुवार्तेने ओवी, अभंग आणि कीर्तन यांचा आश्रय घेतला नसता तरच नवल. 1860 च्या दशकात कृष्णराव रत्नोजी सांगळे यांच्यासारख्यांनी नगरात ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. पौलाने अथेन्सच्या अरीयपगावर ग्रीकांच्याच कवींचा आधार घेतला होता. टिळकांनी तर तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगितले आणि 1917 मध्ये मिशनच्या चौकटीबाहेर ‘देवाचा दरबार’ उभा केला. दौंड-मनमाड लोहमार्गापासून थोड्या अंतरावरच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले आणि 1922 मध्ये प्राण सोडण्यापूर्वी ते काम पुरे केले. कोकणात इस्राएल कीर्तन करत होते आणि घाटावर ख्रिस्ती. दोघांच्या हातात टाळ, दोघांच्या तोंडी मराठी. पांगलेले आणि परके हे जुने दोन श्रोते इतक्या जवळ आल्याचे उदाहरण जगात क्वचितच सापडेल.

याच लोहमार्गावर श्रीरामपूरच्या स्टेशनावर आजही ‘बेलापूर’ ही पाटी आहे. विसाव्या शतकात कालव्यांचे पाणी, ऊस आणि हरेगावची साखर कंपनी आली. नगर जिल्ह्यात 1878 पासून काम करणाऱ्या जेझुइट फादरांच्या मंडळ्याही या भागात वाढल्या. दर सप्टेंबरात हरेगावला भरणारी मतमाउलीची यात्रा हे त्याचे सर्वांत मोठे दृश्य रूप आहे. तिला येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले लोकही पुष्कळ असतात. सभास्थानात मागे बसून ऐकणारे ते देवभीरू ग्रीक ज्याला समजून घ्यायचे असतील, त्याने ही यात्रा एकदा पाहावी.

पुढची प्रकरणे वाचताना वाचकाने एक पथ्य पाळावे. पौल, विल्सन किंवा हॉल यांच्याकडे पाहताना समोर बसलेल्या माणसावरची नजर ढळू देऊ नये. बेने इस्राएलांनी सुवार्ता नाकारली, तरी तिच्यासोबत आलेली अक्षरे घेतली. महार-मांगांनी सुवार्ता स्वीकारली आणि तिला आपला सूर दिला. दोघेही स्वतःच्या निर्णयाचे धनी होते. धर्मांतराच्या वादात आज दोन्ही बाजू या माणसांना दुसऱ्याच्या हातातले खेळणे समजून बोलतात. इतिहासाचा पुरावा त्या समजुतीच्या विरुद्ध आहे.

हा इतिहास लिहायला लागणारी साधने मात्र झपाट्याने नाहीशी होत आहेत. म्हणून बेलापूर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे आणि संगमनेर इथल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. घरातल्या भजनांच्या वह्या, ज्ञानोदयाचे जुने अंक, बाप्तिस्म्याचे दाखले, मास्तर असलेल्या आजोबांची रोजनिशी, बायबलबाई असलेल्या आजीचा फोटो, यांतले काहीही रद्दीत घालू नका. त्यांची छायाचित्रे काढा, मागे नावे आणि साल लिहा आणि एक प्रत आपल्या मंडळीत किंवा गावच्या वाचनालयात ठेवा. घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसून आपल्या घराण्यात पहिल्यांदा कोणी, कुठे आणि का सुवार्ता ऐकली, ते विचारून लिहून घ्या. अंत्युखियात ग्रीकांशी पहिल्यांदा बोलणाऱ्या त्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या माणसांची नावे लिहिणे आपल्या हातात आहे आणि ते काम याच पिढीने केले पाहिजे.